उकिरड्याची वाटणी

गुणवंतरावांच्या घरची वाटणी झाली तेव्हा पंचांनी सुपापासून विहिरीपर्यंत सगळं वाटलं. विहिरीचं पाणी एक दिवस यांनी घ्यायचं, एक दिवस त्यांनी. चिंचेच्या उगवतीकडच्या फांद्या थोरल्याच्या, मावळतीकडच्या धाकट्याच्या, आणि वाऱ्यानं पडलेल्या चिंचा ज्याच्या अंगणात पडतील त्याच्या. बंडी, म्हणजे बैलगाडी, थोरल्या घराला गेली, बैलजोडी धाकट्या घराला. पंचांचं म्हणणं असं की एकमेकांची गरज राहिली म्हणजे बोलणंचालणं राहतं. पंचांपैकी कुणाच्या घरी बंडी एकीकडे आणि बैल दुसरीकडे असे नव्हते, म्हणून त्यांना हे सुचलं असावं.

राहिला उकिरडा. तो मागच्या बोळाकडे, दोन्ही घरांच्या मधोमध, पंच बसले होते त्यांच्या पाठीशीच होता. त्याचा वास त्यांना आला असणार, पण आठवण आली नाही.

थोरलं घर गुणवंतरावांचं. धाकटं घर कमळाचं, त्यांच्या लहान भावाच्या बायकोचं. लहान भाऊ डोमा आदल्या पावसाळ्यात तापानं गेला होता, म्हणून तर वाटणी निघाली. कमळाच्या वाट्याला जी बांधी, म्हणजे धानाचं शेत, आली ती तळ्यापलीकडची, मुरमाड. तिथे खत पडलं तर धान होतो, नाही पडलं तर गवत. आणि धान झाला नाही तर काय होणार हे गुणवंतरावांनी पानठेल्यावर आधीच सांगून ठेवलं होतं: "एक साल करू द्या तिले. बाईमाणसाच्यानं होत नाई. मंग बांधी मीच वाहीन."

म्हणून कमळाला अर्धा उकिरडा हवा होता.

आता ही गोष्ट तिनं सरळ जाऊन गुणवंतरावांना का सांगितली नाही, असं परगावचं माणूस विचारेल. तर आमच्याकडे नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. लहान भावाची बायको भासऱ्याच्या समोर बसत नाही, त्याचं नाव घेत नाही, तोंडाकडे पाहत नाही, त्याच्या वस्तूला हात लावत नाही. तोही तिच्याशी बोलत नाही. कमळा लग्न होऊन आली तेव्हापासून दोघं एका चुलीचं जेवत आले होते, आणि एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. बोलायचं तर मध्ये कुणीतरी लागतं. आधी डोमा होता, सासू होती. ती दोघं गेल्यावर भिंतीला भिंत लागून मी होते.

त्यात मी नगरसेविका. वॉर्ड बायांसाठी राखीव निघाला, आणि माझ्याकडे शिवणयंत्र असल्यामुळे अर्ध्या वॉर्डाची मापं मला पाठ होती, म्हणून लोकांनी मला उभं केलं. "बाई, तुमाले फक्त सही करा लागते," असं सांगून त्यांनी मला निवडून दिलं. सही करण्याआधी मी वाचत असे. तेवढीच माझी खोड.

तर मी गेले गुणवंतरावांकडे. ते ओसरीवर बसले होते. कमळा मधल्या दाराच्या मागे, पदर हनुवटीपर्यंत ओढून. दोघांमध्ये अंतर म्हणाल तर एका बाजेचं.

"भाऊ," मी म्हटलं, "कमळा म्हणते, उकंड्याचं काय करता?"

"तिले सांगा, पंचाइनं ज्याचं नाव घेतलं नाई, ते मोठ्याचं."

मी दाराकडे वळले. "कमळे, भाऊ म्हणतात..."

"आयकलं मी," दार म्हणालं. "त्याहिले म्हणा, पंचाइनं भिंतीतल्या घुशींचं बी नाव घेतलं नाई. त्या बी ठेवून घ्या."

मी हे गुणवंतरावांना सांगितलं. सांगायची गरज नव्हती, त्यांचे कान लाल झालेच होते. ते म्हणाले, "बाई, तिले सांगा, लय बोलू नको." आणि चष्मा पुसत उठून गेले.

याच उन्हाळ्यात आमचं मोहपेठ शून्य कचरा शहर व्हायचं ठरलं.

आमच्या नगरपरिषदेला नवे मुख्याधिकारी आले होते. कोल्हापूरकडचे, तरुण, अंगानं बारीक, आणि मनापासून काम करणारे. अशी माणसं आमच्याकडे बदलीवर येतात आणि पहिल्या उन्हाळ्यात घामोळ्यांनी हैराण होतात. हे साहेब मात्र घामोळ्यांना पावडर लावून कामाला लागले. स्वच्छ शहरांची राज्याची स्पर्धा होती, आणि तिची समिती शहर तपासायला येणार होती. साहेबांनी सभागृहात मोहपेठचा नकाशा टांगला. त्यात ओला कचरा हिरवा, सुका कचरा निळा, आणि जिथे कचऱ्याचे ढीग होते तिथे तिथे लाल ठिपके. मोहपेठ पूर्ण लाल दिसत होतं, गोवर आलेल्या पोरासारखं.

"एवढे ढीग आहेत," साहेब म्हणाले, "आणि आपण यातच राहतो."

ते लाल ठिपके म्हणजे आमचे उकिरडे होते. शेण, राख, भाताचा कोंडा, झाडलोट, गोठ्यातला पालापाचोळा, सगळं वर्षभर तिथे जातं आणि उन्हाळ्यात बंडीनं बांधीत जातं. आमच्या पोरीला स्थळ आलं तर आम्ही त्यांच्या घरामागे जाऊन उकिरडा केवढा आहे ते आधी पाहतो. ढीग मोठा म्हणजे गुरंढोरं बरी. साहेबांना हे कोण सांगणार? साहेबांचं लग्न झालेलं होतं.

"साहेब," मी विचारलं, "उकंडा कचऱ्यात येते का?"

"मग कशात येतो, बाई?"

"आमच्याकडं शेतात येते."

सगळे हसले. साहेबही हसले आणि समजावून सांगायला लागले: सगळे खासगी उकिरडे बंद. शहराबाहेर एकच मोठा खत डेपो. तिथे शास्त्रीय पद्धतीनं, गांडुळांकडून खत.

लटारूभाऊ म्हणून आमचे एक सदस्य आहेत. त्यांना शंका फार. "गांडुळं इथलेच घ्याचे का, साहेब?"

"नाही, पुण्याहून येतील."

"एसटीनं?"

"पार्सलनं येतील."

"बरं आहे," लटारूभाऊ म्हणाले. "नवीन जागी करमलं पाह्यजे त्याहिले."

डेपोला जागा कोण देणार, असं साहेबांनी विचारलं. तेव्हा गुणवंतराव उठले. ते स्वच्छता समितीचे सभापती होते. तळ्याअलीकडची आपली खोलगट बांधी त्यांनी डेपोसाठी तीन सालांकरता दिली, शहरासाठी म्हणून, फुकट. टाळ्या पडल्या. ठरावाचा कागद फिरत माझ्याकडे आला. खाली लिहिलं होतं की मुदत संपल्यावर जमीन जशी असेल तशी मालकाला परत.

जशी असेल तशी! म्हणजे तीन सालं साऱ्या मोहपेठचं शेणखत पोटात घेऊन. आमच्या घरी बैल नसले तरी हिशेब मला कळतो.

"अन् पहिला उकंडा मी माह्याच घरचा देतो," गुणवंतराव म्हणाले. पुन्हा टाळ्या.

मी उभी राहिले. "भाऊ, तो सामायिक आहे. अर्धा कमळेचा आहे."

"कचऱ्यात कायचं सामायिक, बाई?" ते शांतपणे म्हणाले. "कचरा शहराचा असते."

पंधरवड्यापूर्वी जो उकिरडा मोठ्याचा होता तो आता शहराचा झाला होता. कमळाचा तेवढा तो कधीच होत नव्हता. ठराव मंजूर झाला. मी विरोध केला, तो लिहून घेतला गेला आणि चहा आला.

घरी येऊन मी कमळाला सांगितलं तेव्हा ती बैलांना कुटार घालत होती. तिनं हात थांबवला नाही.

"समिती केव्हा येते?"

"वैशाख संपाच्या आत."

"तोवर बंडी कोणी देन का मले?"

"तुह्या बांधीपर्यंत डोक्यावर बी नेता येते थोडं थोडं. मी येतो, भंगारवाल्याची खैरुन येईन."

"नाई, बाई." ती म्हणाली. "न ठरल्या ढिगातून नेलं तर चोरी होते. त्याहिनं एकदा म्हणाव, हा तिचा वाटा. मंग मी ओंजळीनं नेईन."

दुसऱ्या दिवशीपासून ऑटोवर भोंगा लावून शहरभर पुकारा झाला. अमुक तारखेच्या आत आपापले उकिरडे डेपोत जमा करावे, न केल्यास नगरपरिषद जप्त करील. डेपो कुठे आहे हे भोंग्यानं सांगितलं नाही, पण मोहपेठमध्ये ते भोंग्याच्या आधी कळलेलं होतं.

आणि मग जे झालं ते साहेबांनी त्यांच्या नोकरीत कधी पाहिलं नसेल. उन्हाळ्यात लोक बांधीत खत टाकतातच. पण दरवर्षी नवतपा, म्हणजे रोहिणीतले नऊ कडक दिवस, येईपर्यंत कुणी हलत नाही, पाऊस दाराशी आला की सगळे एकदम बंड्या शोधतात. या वर्षी पहाटेपासून बंड्यांची रांग. ज्यांच्याकडे बंडी नव्हती त्यांनी सायकलला पोती बांधली. बायांनी टोपल्या घेतल्या. जो तो आपला उकिरडा गुणवंतरावांच्या बांधीपासून वाचवून स्वतःच्या बांधीत नेत होता. ठरावाच्या बाजूनं हात वर करणाऱ्या लटारूभाऊंची बंडी सगळ्यात पुढे होती. मी त्यांना बोळात गाठलं.

"काय जी लटारूभाऊ, डेपोत का?"

"डेपोतच जाऊन राह्यलो व, बाई. पण आधी बांधीवरून चक्कर मारतो."

साहेब मोटारसायकलवरून फिरत होते. नकाशावरचे लाल ठिपके एकेक करून ते पुसत. त्यांचा चेहरा उजळत चालला होता, घामोळ्या असूनही. "हा लोकसहभाग आहे, बाई," ते मला म्हणाले. "आपण लोकांना उगाच नावं ठेवतो." मी हो म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

डेपोत मात्र काही येत नव्हतं. तिथे नवा बोर्ड होता आणि पुण्याहून आलेल्या गांडुळांचे खोके होते, ओल्या पोत्याखाली झाकलेले. खाण्याला काही नाही. शेवटी खैरुनला त्यांची दया आली. खैरुन म्हणजे भंगारवाल्या बाबूभाईची बायको. तिच्या घरी ऊठबस असते माझी. ती आपल्या घरचे सडके टमाटर आणि टरबुजाच्या साली नेऊन त्यांना घालून येई. "परगावचे आहेत बिचारे," म्हणायची. "दुसऱ्याच्या गावात उपाशी राहणं बरं नाई." सुक्या कचऱ्याचा तर प्रश्नच नव्हता. मोहपेठमधला खिळा, बाटली, पत्रा, जे काही असेल ते पूर्वीपासून बाबूभाईच्या आवारातच जात होतं.

अशा तऱ्हेनं मोहपेठ ठरलेल्या तारखेच्या आत शून्य कचरा शहर झालं. एक उकिरडा सोडून.

सभापतींचा.

कारण बंडी त्यांच्याकडे आणि बैल कमळाकडे. गुणवंतरावांनी ट्रॅक्टर पाहिला. पण तो तेंदूपत्त्याचा हंगाम. मजूर आणि ट्रॅक्टर दोन्ही जंगलात. ट्रॅक्टर बाबूभाईचाही होता. गुणवंतराव त्याच्या आवारात गेले तेव्हा मी तिथे जुनी कात्री बदलून घ्यायला गेले होते.

"भाऊ, ट्रॅक्टर तर अहेरीकडं पत्त्यावर गेला," बाबूभाई म्हणाला. "पत्ता गोळा कराची फडी उठेपर्यंत येत नाई तो."

"दुसऱ्या कोणाचा?"

"दुसऱ्याचा सिरोंच्याले."

"मंग बैलजोडी तरी पाहा ना कोणाची."

"अब भाऊ, बैल क्या मैं भंगार में रखता हूँ?" बाबूभाईनं हात जोडले. "घरात तर आहे ना जोडी तुमच्या."

"घरात नाई. शेजारी आहे," गुणवंतराव म्हणाले.

मग त्यांनी बैलवाल्यांच्या दारी चकरा मारल्या. कालपर्यंत धावणारे बैल एकाएकी लंगडायला लागले होते. एकाचा बैल खात नव्हता, एकाच्या खांद्याला सूज होती. लटारूभाऊंनी तर सांगितलं की आपले बैल खत वाहून उदास झाले आहेत.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी गुणवंतराव माझ्या दारात उभे होते. एरवी अंगणातूनच हाक मारणारा माणूस. आज चपला काढून आत आले.

"बाई, जरा चाला ना घरी. मधात बसा लागते."

मी काजं करायला घेतलेलं ब्लाउज हातात घेऊनच गेले. अशा बोलण्यात हाताला काम असलेलं बरं. ते बंडीच्या दांडीवर बसले, चिंचेकडे तोंड करून. कमळा दारामागे. मी पायरीवर.

"तिले म्हणा, आजच्या रोज बैल पाह्यजे."

"कमळे, भाऊ बैल मागून राह्यले."

"कायले पाह्यजे, इचारा."

"उकंडा न्याचा आहे," ते मी विचारायच्या आधीच म्हणाले, चिंचेला.

"कुठी न्याचा, इचारा."

"डेपोत."

"डेपो कोणाच्या बांधीत आहे, इचारा."

हे मी विचारलं नाही. सुईत दोरा ओवत बसले. गुणवंतरावांनी थोडा वेळ चिंचा मोजल्यासारखं केलं.

"बरं, तिले म्हणा, न्या तुमी आधी. न्या चार-सहा बंड्या तुमच्या बांधीत. माह्याकून दान समजा. मंग बाकीचा डेपोत टाका."

दारामागे बांगड्या वाजल्या. "दान नको म्हणा. दान एका सालाचं असते, बाई. वाटा दरसालचा असते. माह्या बैलाचं शेण याच्यात आजही पडून राह्यलं, उद्याही पडन. पुढच्या साली काय मी पुन्हा दान मागाले येऊ?"

"तिले म्हणा, नावाले काय करायचं आहे? काहीही म्हणा, पण न्या!"

"भाऊ, एक शब्द आहे," मी म्हटलं. "तोंडातून काढा अन् मोकळे व्हा."

त्यांनी तो शब्द काढला नाही. पंचांसमोर न बोललेलं ते एका शिवणाऱ्या बाईसमोर कसं बोलणार? ते फक्त दांडीवरून उठले आणि बाजूला झाले. बंडी मोकळी झाली.

कमळानं दार थोडं लोटून बंडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई, रेघ मारून द्या. मी माह्यं माप नेतो. त्याहिनं म्हणो का न म्हणो."

दुसऱ्या दिवशीच्या स्वागतासाठी रस्त्याच्या कडेला टाकायला नगरपरिषदेनं पांढरी फक्की वाटली होती. मी घमेलंभर आणली. चिंचेपासून विहिरीपर्यंत दोर ताणला आणि उकिरड्यावरून सरळ रेघ मारली. गुणवंतराव पाहत होते. त्यांनी अडवलं नाही. त्यांना वाटलं, संध्याकाळपर्यंत रेघेच्या दोन्ही बाजूचं जाईल, मग रेघ कुठे राहते?

कमळानं बैल जुंपले. खैरुन टोपली घेऊन आलीच. "घरी बसून बी गरमीच होऊन राह्यली," म्हणाली आणि पदर खोचला. दोघींनी भरायचं, कमळानं हाकून न्यायचं, रितं करून यायचं, पुन्हा भरायचं. कमळा फावडं असं मारी की रेघेपाशी कड सरळ कापली जाई, भिंतीसारखी. मध्येच तिकडचं एखादं ढेकूळ घरंगळून इकडे येई.

"हे कोणाचं व?" खैरुन विचारी.

"त्याहिचं." कमळा ते टोपलीनं उचलून पलीकडे टाकी. हात न लावता.

दुपार कलली तेव्हा खालचे जुने थर लागले. काळं, भुसभुशीत, चहाच्या भुकटीसारखं. त्यात एक रबरी चप्पल निघाली. डोमाची. अंगठ्याला तार गुंडाळून दुरुस्त केलेली. नेमकी रेघेत, अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

फावडं थांबलं. साहेबांच्या नकाशाप्रमाणे ती चप्पल सुक्या कचऱ्यात, निळ्या रंगात येत होती.

"बाई," कमळा हळूच म्हणाली, "ही कोणाच्या वाट्याची?"

मी गुणवंतरावांकडे पाहिलं. चिंचेखाली बाज टाकून ते बसले होते. त्यांनीही चप्पल पाहिली होती. तार त्यांनीच गुंडाळली असेल, काय सांगावं. दोघं भाऊ एकाच चपलेवर तीन-तीन सालं काढत. त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि मान फिरवून म्हणाले, "तिले ठेव म्हणा." हे मी कमळाला पुन्हा सांगितलं नाही. तिनं चप्पल पदरानं पुसली आणि बैलांच्या गव्हाणीवर ठेवली, आणि पुन्हा फावडं घेतलं.

दिवस मावळायला आला आणि कमळाचा भाग संपला. जमीन लागली. तिनं ती झाडून घेतली. रेघेच्या पलीकडे गुणवंतरावांचा अर्धा उकिरडा जसाच्या तसा, पुरुषभर उंच, सुरीनं कापलेल्या वडीसारखा. कमळानं बैल सोडले.

गुणवंतराव उभे राहिले. "बाई, तिले म्हणा, बैल काऊन सोडून राह्यली? हा बाकी आहे ना."

"बैल थकले म्हणा. अन् तो त्याहिचा वाटा आहे. भासऱ्याच्या वाट्याले मी कशी हात लावू?"

"सगळाच ने म्हणा तिले! सगळा तिच्या बांधीत टाक म्हणा!"

"नको म्हणा. लोक म्हणतीन, भासऱ्याचं खाल्लं."

"बाई!" ते आता माझ्याशीच बोलत होते. "सकाळी समिती आहे. शून्य पाह्यजे, शून्य!"

"तिच्या अर्ध्याचं शून्य झालं, भाऊ," मी म्हटलं. "तुमच्या अर्ध्याचं तुमी पाहा."

त्यांनी मग स्वतः फावडं घेतलं. दोन घमेली भरली आणि कंबर धरून बसले. घमेली कुठे रिती करायची हेही ठरेना; घरात तर नेता येत नाही.

समिती सकाळी जीपनं आली. अध्यक्ष म्हणजे एक उंच, रुमालानं सतत मान पुसणारे गृहस्थ. बरोबर दोन माणसं. रस्त्याच्या कडेला फक्की, दारोदार रांगोळ्या, शाळेची पोरं झाडू खांद्याला लावून रांगेत. साहेबांनी नकाशा दाखवला. त्यावर आता एकच लाल ठिपका होता आणि त्यावर त्यांनी सवयीनं अंगठा धरला होता.

अध्यक्षांनी समोरचं सगळं पाहिलं, मान डोलावली, आणि जीपवाल्याला म्हणाले, "चला, आता मागून घ्या." समित्या अशाच असतात. पाहुणा ओसरीवर बसतो, समिती परसात जाते.

मागच्या बोळात जीप थांबली. आम्ही सदस्य मागे मागे चालत आलो. बाबूभाई होता, खैरुन होती. समोर पांढरी रेघ, रेघेच्या अलीकडे झाडलेली जमीन आणि पलीकडे तो कापलेला ढीग.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

साहेबांच्या अंगठ्याखालून नकाशा सुटला. "सर, हे... हे सभापतींचं घर आहे."

"एवढा मोठा ढीग एकट्या सभापतींचा?"

गुणवंतरावांनी ढिगाकडे पाहिलं. साऱ्या शहरात एकच उकिरडा आणि तो आपला, पूर्णच्या पूर्ण आपला. हे कबूल करणं सोपं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत होते. माणूस ओझं अर्धं करायला किती लवकर तयार होतो ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"पूर्ण नाई, साहेब," ते घाईनं म्हणाले. "अर्धाच माहा. अर्धा माह्या भावजयीचा. तिचा वाटा होता, तो तिनं काल नेला. हा माह्या वाट्याचा उरला."

"म्हणजे दोघांचा मिळून?"

"होय जी. सामायिक. अर्धा-अर्धा."

"दरवर्षी एवढा साठतो?"

"दरसाल, साहेब. दरसाल अर्धा तिचा, अर्धा माहा. एकट्याचा नाई जी." त्यांनी आमच्याकडे पाहिलं, साक्षीला. "इचारा ना याहिले."

"खरं आहे, साहेब," मी म्हटलं.

"एकदम खरं," लटारूभाऊ म्हणाले. बाबूभाईनं मान हलवली. खैरुननं माझ्या दंडाला चिमटा काढला.

तेवढ्यात मधलं दार उघडलं. कमळा बैल घेऊन बाहेर आली. पदर कपाळाखाली, मान वळलेली. ती माझ्याकडे न पाहता पुढे आली. सरळ समितीच्या अध्यक्षांसमोर उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "त्याहिले सांगा, बंडी पुढं घ्या म्हणा. त्याहिच्या वाट्याले बैल देतो मी."

अध्यक्ष तिच्याकडे पाहत राहिले. गुणवंतराव चार पावलांवर उभे होते. "त्यांना... मी सांगू?"

"मधात कोणीतरी लागते, साहेब," मी म्हटलं.

अध्यक्षांनी रुमाल खिशात ठेवला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ आदेश दिले असतील, पण असा नाही. ते गुणवंतरावांकडे वळले. "या म्हणतात की, बंडी पुढे घ्या."

"आयकलं, साहेब," गुणवंतराव म्हणाले. "तिले म्हणा, घेतो."

"ते म्हणतात, घेतो," अध्यक्षांनी सांगितलं.

बंडी आली. लटारूभाऊ आणि बाबूभाईनं हात लावला, एक खेप भरली गेली. गुणवंतराव पांढऱ्या कपड्यांनिशी बंडीवर चढले, कासरा धरला, "हो, हो" केलं. बैल हलले नाहीत. वाटणीनंतर त्यांना फक्त कमळाचा आवाज ठाऊक होता. गुणवंतरावांनी दोनदा जीभ टाळूला लावून आवाज काढला. बैलांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेव्हा कमळा पुढे झाली. बैलांच्या समोर जाऊन, भासऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि नुसती चालायला लागली. बैल निघाले. बंडी निघाली. बंडीवर शेणखतासोबत गुणवंतराव.

त्यांच्या मागे समितीची जीप. बोळ अरुंद, पुढे काढायला जागा नव्हती आणि मागे फिरवायलाही. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. बैलांनी कान हलवले. कमळानं काही वळून पाहिलं नाही. मागे भासरा होता.